दोन बोटांची जागा

ता. १२ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

परवा शनिवारी सकाळी मी तुझं चिलखत अंगात घातलं. अंघोळ झाली होती, देवापुढे दिवा लावून झाला होता, चहा व्हायचा होता. कारखान्यात जाऊन आधी कापूस भरलेला जाड अंगरखा चढवला, त्यावर छातीचा आणि पाठीचा पत्रा, मग दंडाच्या नळ्या आणि खांद्यांच्या वाट्या. पाठीवरचे बंद आपले आपल्याला बांधता येत नाहीत, हे तुला सांगायला नको. म्हणून तुझ्या वहिनीला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, दारात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आता या वयात?" पण हात धुऊन आली आणि बंद बांधले.

त्याचं पुढे सांगतो. आधी इकडची खुशाली.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता ती वर्तमानपत्राचे मथळे मोठ्याने वाचून दाखवते, कुणी विचारलेलं नसतानाही. कारखान्याचं छप्पर बदलून घेतलं. भात्याचं कातडं फाटलं होतं, तेही नवं लावलं. माझी कंबर जशी होती तशीच आहे. तुझं पत्र मिळून वीस दिवस झाले आणि मी उत्तर पाठवलं नाही, हे खरं. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा छपरापर्यंत आलो आणि थांबलो.

तू लिहिलंस की खांद्याचं हाड आता जुळलंय, फक्त थंडीत दुखतं. लिहिलंस की रात्रीचं जेवण सोडलंस, कंबर दोन इंच उतरली, पण आता मन राहिलं नाही. "दादा, तू एवढं चांगलं चिलखत केलंस आणि मी पोट सुटू दिलं. तुझं काम माझ्यामुळे वाया गेलं. मला माफ कर." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

चिलखत घट्ट झालं त्याचं कारण मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. माप घ्यायच्या दिवशी अंगरखा धुऊन वाळत घातलेला होता. आपल्या दोघांचं अंग एकच, म्हणून मी नेहमी स्वतःच्या अंगावर घालून बघतो, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी नुसत्या सदऱ्यावर बघितलं. अंगरख्यामुळे काखेत दोन बोटांची जागा जास्त लागते. ती राहिली नाही. दोन बोटांत हात खांद्याच्या वर जायचा थांबतो.

इथपर्यंत लिहून मी जरा बाहेर जाऊन आलो.

मंडळात जुन्या लढायांचे खेळ बसवणाऱ्या आपल्या सेनापतींना तू वेगळी चिठ्ठी पाठवलीस, ते मला ठाऊक नव्हतं. ते औषधांचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून माझ्याकडे आले. ऐरणीवर बसायला निघाले होते, मी स्टूल दिलं. म्हणाले, "तुझा भाऊ म्हणतो, माझ्या जागी दादाला उभं करा. मापात काडीचा फरक नाही, चिलखत नव्याने करायला नको. बोल, उभा राहतोस?"

मी म्हटलं, "बघतो."

"बघतो काय, जानेवारीत खेळ आहे."

"बरं, राहतो."

धाकट्या, ते "राहतो" म्हणायला मला त्यांचा चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. तू घरी हाड मोडून बसला होतास आणि मला लग्नातल्यासारखा आनंद झाला. संध्याकाळी देवापुढे बसलो, तर डोळे मिटल्यावर समोर मैदान दिसायचं आणि मैदानात मी.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तुला आठवतं का, आपण दोघं एकदम मंडळात गेलो होतो. लहानपणी आई एकाच कापडातून दोघांचे सदरे शिवायची आणि शाळेत गुरुजी पाठमोरं बघून तुझ्या नावाने मला हाक मारायचे. तीच पाठ, तीच उंची. सेनापतींनी एकच शिरस्त्राण आळीपाळीने दोघांना घालायला दिलं आणि चालून दाखवा म्हणाले. तू चाललास. बोलणारे बोलायचे थांबले. मग मी चाललो. सेनापतींनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी म्हटलं, लोहारकाम. ते म्हणाले, "मग देवच पावला आम्हाला." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी तंबूच्या मागे आणि तू तंबूच्या पुढे.

मी तुझा खेळ एकदाही बघितलेला नाही. तुला वाटायचं, दादा मैदानाच्या कडेच्या दोरीजवळ कुठेतरी उभा असेल. मी तुझे बंद बांधायचो आणि हातोडा घेऊन मागे जाऊन बसायचो. कुणाची वाटी निघाली, कुणाचं कडं सुटलं, ते बघायला माणूस लागतो, हे निमित्त होतं. टाळ्या वाजायला लागल्या की मी एखादा पत्रा ऐरणीवर घेऊन ठोकत बसायचो. त्या पत्र्याला काही झालेलं नसायचं.

यंदा मार्चमध्ये वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "स्वतःच्या हातांनी घडवलेल्या चिलखतात." आईने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कपडे काढताना रोज दिसावा म्हणून. वहिनी म्हणाली, "भाऊजींना शोभतं हो." दोघींच्या मनात काही नव्हतं. तूही त्या छापणाऱ्याला तसं सांगितलं नसशील, हे मला कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. चार दिवस अन्न गोड लागलं नाही, आणि पाचव्या दिवशी तुझं नवं चिलखत करायला घेतलं.

आता अंगरख्याचं खरं सांगतो. तो सकाळी वाळत घातला होता. उन्हाळा होता. दुपारी मी दोरीजवळून तीनदा गेलो आणि एकदा त्याला हात लावून बघितला. खडखडीत वाळला होता. मी परत आत आलो आणि सदऱ्यावरच माप घेतलं. मनाला म्हटलं, चालतंय. काम सुरू करताना मी ऐरणीला हात लावून देवाचं नाव घेतो, हे तू लहानपणापासून बघतोस. त्या दिवशी घेतलं नाही. त्यानंतर सात महिने मला ते घेता आलं नाही.

तुझं हाड मोडावं असं माझ्या मनात नव्हतं. तू मैदानात जरा ओबडधोबड दिसावास, तलवार वेडीवाकडी फिरावी, लोकांनी हसावं, एवढंच हवं होतं. पण शत्रूचा राजा झालेल्या आपल्या डॉक्टरांनी ठरलेला वार केला. ठरल्याप्रमाणे तू हात वर करून तो अडवायचा होतास. तुझा हात वर आला नाही. टाळ्यांच्या जागी बायकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या, तेव्हा मी मागे पत्रा ठोकत होतो.

तर शनिवारी सकाळी वहिनीने बंद बांधले आणि म्हणाली, "हात वर करून दाखवा बघू, शूरवीर." मी केला. तो खांद्यापर्यंत आला आणि दार अडकावं तसा अडकला.

ती म्हणाली, "अजून वर."

"होत नाही."

"भाऊजींनी हेच घातलं होतं?"

"हो."

ती माझ्याभोवती फिरून आली. काखेत बोट घालायला गेली, बोट शिरेना. मग म्हणाली, "आणि बांधून तुम्हीच दिलं होतं."

मी मान फिरवली. चोवीस वर्षांच्या संसारात तिला तेवढं पुरतं. ती हात पुसत निघाली. मी म्हटलं, "अगं, हे सोडून तरी जा." ती दारातून म्हणाली, "आधी जिथे सांगायचं तिथे सांगून या. मग सोडते."

मी गयावया केली. ती कणीक मळत बसली. आई आतून विचारत होती, कोण आलंय म्हणून.

त्यामुळे मी मैदानापर्यंत तसाच चालत गेलो. गल्लीतली कुत्री लागली मागे. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "आज लढाई का, मिस्त्री?" मी म्हटलं, "घरचीच आहे." तो हसला आणि कोपऱ्यापर्यंत माझ्या पुढे घंटी वाजवत गेला.

शाळेमागच्या मैदानावर तालीम सुरू व्हायची होती. मी फाटकातून आत आलो आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, त्या टाळ्या मला गोड लागल्या. अकरा वर्षांत पहिल्या. ऊन पत्र्यावर पडलं होतं आणि एकजण म्हणाला, "अगदी धाकटाच आलाय असं वाटलं." धाकट्या, तेव्हा माझ्या मनात आलं की आत्ता गप्प बसावं. काखा मोकळ्या करायला एक दिवस पुरे. सोमवारी हात वर जाईल, जानेवारीत खेळ होईल, कुणाला काही कळणार नाही. वहिनी काही वर्षं अबोला धरेल. तो मी सोसला असता.

सेनापती म्हणाले, "डॉक्टर, घ्या लाकडी तलवार. पहिला वार तोच."

डॉक्टर पुढे आले नाहीत. आपले दातांचे डॉक्टर, दिवसभर माणसांचे दात उपटतात, शत्रूचा राजा म्हणून एवढी मोठी गर्जना करतात, ते तलवार दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला जमणार नाही. त्या दिवसापासून माझा हात उठत नाही. एका भावाला मारलं, आता दुसऱ्याला नको."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, तुमचा दोष नाही. हे बघा, माझा हात वर जात नाही. त्याचाही जात नव्हता. मीच तसं केलं."

सेनापती जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकून झालं ना?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही. हेव्यापोटी."

डॉक्टर तिथेच गवतात बसले. बाकीचे एकेक करून आपापल्या सामानाकडे वळले. सेनापतींनी मला पाठमोरं केलं आणि बंद सोडायला लागले. सोडता सोडता म्हणाले, "तुझा भाऊ मैदानात उतरताना दर वेळी काहीतरी ओरडतो. शिरस्त्राणाची झडप खाली असते, लोकांना वाटतं युद्धाची आरोळी आहे. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, 'हे माझ्या दादाचं काम आहे,' असं सांगतो मी. एकदा तरी पुढे येऊन ऐकायचंस."

हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. ते नंतर आले, घरी. तिथे उभा असताना मला पुन्हा तुझा हेवाच वाटला. लोकांनी ज्याला डोक्यावर घ्यावं तो तूच, दुसऱ्याचं नाव घेण्याएवढा मोठा तूच, आणि हाड मोडल्यावर वर माफी मागायची बुद्धीही देवाने तुलाच दिली. एकाच मापाचे दोघे घडवून त्याने सगळं एकाच्याच अंगात का भरलं, हे मी त्याला विचारून बघितलं.

शनिवारी दुपारी ऐरणीला हात लावला, नाव घेतलं आणि काखा कापायला घेतल्या. या वेळी अंगरख्यावर माप घेतलं, दोन बोटं आणि वर एक सूत जास्त. कडा आत वळवून घासल्या, म्हणजे काचणार नाहीत. दंडाच्या नळ्या उघडून रिव्हेट नवे मारले. रविवारी वहिनीने पुन्हा बंद बांधले. मी हात वर केला तो थेट दिव्याच्या तारेला लागला. ती म्हणाली, "आता भाऊजींचं झालं हे."

सेनापतींना मी सांगून टाकलं आहे की मी उभा राहणार नाही. जागा तुझी आहे. तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस तरी ती तुझीच राहील. बंद बांधायला डॉक्टर शिकायला तयार आहेत, त्यांची बोटं माझ्याहून हलकी आहेत. पण तू म्हणालास तर मी बांधीन, आणि बांधून झाल्यावर मागे जाणार नाही, दोरीजवळ उभा राहीन. हेवा गेला असं मात्र लिहीत नाही. तो तंबूमागे नाही, पुढे येऊन उभा राहील, एवढंच कबूल करतो.

एक राहिलं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात जाणार नाही. खेळाच्या सकाळी मी बंद ओढत होतो तेव्हा तू म्हणालास, "दादा, काखेत आवळतंय रे." माझ्या बोटांना ते तुझ्याआधी कळलं होतं. आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "पोट सुटलंय तुझं." तू हसलास आणि श्वास आत ओढून घेतलास, म्हणजे मला बंद बांधायला सोपं जावं.

तुझं पोट सुटलेलं नाही. तेव्हाही नव्हतं. आज रात्रीपासून पोटभर जेव.

चिलखत आज सकाळी साडेसातच्या बसने पाठवलं. गोणपाटात गुंडाळलंय, वर तुझा पत्ता मी स्वतः लिहिलाय, पावती या पत्राबरोबर आहे. बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उभा होतो.

तुझ्याच मापाचा,
दादा