सिर्पामावशीची निळी बाही

ओउलू, ६ ऑक्टोबर

ती. सिर्पामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हेन्ना गेली. संगणकशास्त्र सोडून नर्सिंगला. आता वर्गात मुलगी म्हणून मी एकटीच. प्रोग्रॅम लिहायची वेळ आली की मुलं मला टिपणं काढायला सांगतात, तेही गोड बोलून. मे महिन्यात आम्ही दोघी आपापल्या विद्यार्थी-ओव्हरऑलची एकेक बाही उसवून एकमेकींच्या ओव्हरऑलला शिवणार होतो, ते राहिलं. दर बुधवारी विभागातल्या मुलींसाठी कॉफी ठेवायची, हेही आमचंच ठरलेलं. काल कुणी फिरकलं नाही. वेलचीचे चारही पाव मीच संपवले.

नाताळात मीही सोडते. आईला अजून बोलले नाही. एवढं वाचूनही लोभ ठेव.

तुझी तैमी


कुह्मो, १२ ऑक्टोबर

चि. तैमीस अनेक आशीर्वाद.

चार पाव खाऊन वर रडतेस, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. माझी मात्र तोळामासा. डॉक्टरीणबाई आता महिन्यांचं बोलत नाहीत, आठवड्यांचं बोलतात. वाईट वाटतं, पण काय करणार.

बाही जिवलगाशीच बदलतात. माझ्या वर्गातही मी एकटीच होते, कुणी मागितली नाही. माझा निळा ओव्हरऑल दोन्ही बाह्यांसकट माळ्यावर आहे. तुझा लाल पाठव, सुई धरवते आहे तोवर बदलून घेऊ.

टिपणं मुलांना काढू दे, त्यांचे हात झडले नाहीत. आणि बुधवारी दार उघडं ठेव. माझ्या वेळी असं एकही दार नव्हतं गं.

काकांचे आशीर्वाद, माझी माया.

सिर्पामावशी


ओउलू, २० ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

ओव्हरऑल पाठवते आहे. टिपणं वर्गातल्या युसीकडे सरकवली. तो गोरामोरा झाला, पण लिहिली. बुधवारी मात्र पुन्हा कुणी नाही. सोडायचं की नाही, कळत नाही. परीक्षा संपताच येते, तोवर थांब.

तुझीच तैमी


कुह्मो, ९ नोव्हेंबर

चि. तैमीस आशीर्वाद.

सिर्पा गेल्याचं तुझ्या आईला फोनवर सांगितलं, पुढे माझ्याने बोलवेना, म्हणून लिहितो. सोबत तुझा ओव्हरऑल आहे. निळी बाही तिनंच शिवली. तुझी लाल बाही तिच्या ओव्हरऑलला लावताना हात थकले. उरलेली मी मासळीचं जाळं दुरुस्त करावं तशी जाड टाक्यांनी बसवली. तिच्या इच्छेप्रमाणे तोच तिच्या अंगावर घालून तिला निरोप देणार आहोत.

शेवटी तिनं विचारलं, बुधवारी कुणी आलं का. मला काय ठाऊक. मी म्हणालो, दोघी आल्या होत्या, पाव पुरले नाहीत. ती हसली आणि झोपली.

तिच्याइतकी माया मला जमणार नाही, पण आहे. बुधवारी कॉफी ठेवत जा, पोरी. मला खोटं पाडू नकोस.

काउकोकाका