रेडिएटरखालचा पोळपाट

अहो,

माझं पत्र म्हटल्यावर हसत असाल. तुम्ही पाटी आणून मला शिकवायला बसलात, तेव्हा मी भाजी करपतेय म्हणून उठले, ती अजून परत बसलेली नाही. म्हणून मी बोलतेय आणि मेधा लिहून घेतेय. सुनेच्या देखत नवऱ्याशी किती बोलणार? उरलेलं समजून घ्या. वर्ध्याला पत्र लिहिताना शेवटी तुम्ही घालायचात, "कमल कुशल आहे." कमलला कधी विचारलंत का?

आजच लिहायचं कारण म्हणजे आपलं घर ठोकायचं थांबलंय. स्वयंपाकघरातला खोली तापवायचा लोखंडी रेडिएटर आठवतो ना, वाफ आली की आतून कुणी हातोडी मारतंय असा वाजायचा? तुम्ही म्हणायचात, "घर बोलतंय, बोलू दे. तुला तरी कोण गप्प करतं?"

तुम्ही गेल्यावरचा हिवाळा वाईट गेला. बेसमेंटमधला बॉयलर दिवसभर तेल पीत बसायचा आणि वरच्या खोल्या गारच. विनय म्हणाला, "आई, हे घर नाही, म्युझियम आहे. विकून टाकू. तू आमच्याकडे ब्रॉसार्डला चल."

पोराचं घर छान आहे हो. पण बर्फ बघताना खिडकीच्या काचेला कपाळ टेकून तुम्ही पाडलेला तो तेलकट डाग, तो तिथे कुठून आणू?

मेधानं माझी बाजू घेतली. (लाजू नकोस गं, लिही.) ती म्हणाली, "विनय, विकायच्या आधी एकदा नीट तर करून बघू. येत्या थंडीत घर तापलं तर आई इथे राहतील, नाही तापलं तर आपल्याकडे." ठरलं. त्या दिवसापासून मी देवाजवळ बॉयलरसाठी दिवा लावायला लागले.

दोघं शनिवार-रविवार यायची. आधी बेसमेंटमधल्या उघड्या पाइपांना जाड गुंडाळी घातली, बाळंतिणीला लपेटावं तशी. वाफ तिथल्या तिथेच थंड होत होती म्हणे. मग रेडिएटर. प्रत्येकाला बाजूला बोटाएवढी चांदीच्या रंगाची शिट्टी असते ना, तिच्यातून आतली हवा बाहेर पडते, तेव्हा कुठे वाफेला जागा मिळते. आणि तुम्ही दर दिवाळीला रेडिएटर रंगवताना त्या शिट्ट्यांवरूनही ब्रश फिरवलात!

विनय कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, बाबांनी सगळ्यांची नाकं बुजवलीत."

मी म्हटलं, "रंगाशिवाय त्यांची दिवाळी व्हायची नाही. आम्ही कुडकुडायचो, पण चकाचक."

सगळ्या शिट्ट्या नव्या बसवल्या. राहिला स्वयंपाकघरातला. मेधानं त्याच्यावर कल बघायची पाणसळ ठेवली. म्हणाली, हा पाइपाच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे वाफेचं पाणी परत खाली जातं. आपला तर अगदी सपाट होता. पाणी आत साचायचं, त्यावर नवी वाफ आपटायची, म्हणून ठोकाठोक. विनयनं त्याच्या पायांखाली हात घालून लाकडाच्या दोन पाचरी काढल्या.

"हे काय आहे?"

मी हातात घेतल्या. एका बाजूनं गोलाई, आणि कणकेनं काळं पडलेलं लाकूड. माझा पोळपाट होता तो, आईनं दिलेला. चिरला तेव्हा "टाकून दिला" म्हणालात, आणि मी अबोला धरला होता.

मग आठवलं. रेडिएटरवर फळी, फळीवर टॉवेलची घडी, घडीवर दह्याचं पातेलं. मी तेव्हा कुरकुर केली होती की या देशात दहीसुद्धा वाकडं लागतं. नंतर ते सरळ लागायला लागलं आणि मला वाटलं, माझा हात बसला. अहो, माझ्या दह्यासाठी तुम्ही अख्खा रेडिएटर उचललात?

विनय म्हणाला, "बाबा इंजिनिअर होते ना?"

"पुलांचे," मी म्हटलं. "दह्याचे नव्हते."

टॉवेलची घडी एका बाजूला जाड केली असती तरी भागलं असतं. पण तुम्ही ना मला विचारलंत, ना सांगितलंत. "दही छान लागलंय" एवढंसुद्धा तुमच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि त्या दह्याखातर जन्मभर घराची ठोकाठोक ऐकलीत. आता तुमच्यावर रागावू कशी?

विनय पाचरी टाकायला निघाला होता. मी म्हटलं, त्याच दुसऱ्या टोकाला घाल. बरोबर बसल्या.

थंडी पडली. घर वरपर्यंत तापलं, बॉयलर मधेमधे विसावा घ्यायला लागला. काल तुमची नात आली आणि म्हणाली, "आजी, इट्स सो क्वायट. इज इट ब्रोकन?" विनय वरच्या खोलीत रेडिएटरवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. खाली येऊन म्हणाला, "राहा आई. पण बॉयलरच्या काचेच्या नळीतलं पाणी रोज बघायचं. अर्ध्यावर हवं." त्या काचेवर एकही अक्षर नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे.

पाणी रोज बघेन, हा माझा शब्द. दिवाळीत शिट्ट्यांना रंग लागू देणार नाही. दही आता पुन्हा वाकडं लागतंय, तर टॉवेलची घडी मी करीन. तुम्ही उठू नका.

कमल कुशल आहे. या वेळी कमलला विचारून लिहिलंय.

तुमची,
कमल