आपला वॉर्ड

१९ मार्च

चि. छकुलीस आशीर्वाद.

इकडे ठीक. त्या झटक्यानंतर आईची डावी बाजू अजून हलत नाही, बोलणं मात्र स्पष्ट झालंय. माझा गुडघा कुरकुरतो. तुम्ही बरे असाल. चार वर्षांनी लिहितोय, अक्षर ओळखलंस का?

निकाल बातम्यांत पाहिला असशीलच. राज्यभर पक्षाची तीच गत. जिथे कारखाने आणि नव्या वसाहती आल्या, तिथे आपण साफ. इतकी वर्षं निवडून आलो, या खेपेला पडलो.

प्रचाराला आपल्या गल्लीतून निघालो, तर निम्म्या दारांना कुलपं. पोरं बाहेर गेली. म्हातारे त्यांच्यामागे गेले, नाहीतर वर गेले. वसाहतीत मात्र जिन्याजिन्यात सायकली आणि पोरांचा गोंगाट. तिथे म्हटलं, "हे गाव आपलं आहे, आपलंच राहिलं पाहिजे." एका बाईने कडेवरचं बाळ सावरत विचारलं, "काका, आपलं म्हणजे कुणाचं? माझा जन्म इथलाच." तिच्या हातात पत्रक दिलं आणि पुढे गेलो.

निवडून आली ती आईची नर्स. तीही वसाहतीतलीच. सकाळी घरी येऊन आईची पाठ पुसायची, संध्याकाळी माझ्याविरुद्ध सभा घ्यायची. दुसरी नर्स बघू म्हटलं, तर आईने तोंड फिरवलं.

मतदानाला आईला मीच नेलं, व्हीलचेअर ढकलत. निकालाच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी तिला मत दिलं."

"चुकून दुसरं बटण दाबलं गेलं का?"

"चुकून नाही. बाहेरच्यांना बाहेर ठेवतो म्हणून तुम्ही मतं मागत होतात. आपला जावई त्यांच्यातलाच. तुमच्या या हट्टापायी लेकीचं तोंड दिसत नाही मला. आणि त्या हट्टालाच मी मत देऊ?"

रागवायला हवं होतं. राग आला नाही. ताटातलं संपवलं, तिला भरवलं, भांडी घासली. तेव्हापासून आत काही हलतच नाही. कार्यकर्ते येऊन रडतात, मी त्यांना चहा करून देतो.

दुसऱ्या दिवशी नर्स आली. केसांत रंगीत कागदाचे तुकडे अडकलेले. म्हणाली, "काका, उशीर झाला, मिरवणूक लांबली."

"पाणी गरम आहे," मी म्हटलं. तिने आईला कुशीवर वळवलं, मी भांडं धरून उभा राहिलो.

खरं लिहायचं होतं ते राहिलंच. डॉक्टर म्हणाले, आणखी एक झटका आला तर अवघड आहे. आईला सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय.

"तुझ्यासाठी घर उघडं आहे," असं लिहून तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "तिला एकटीला ये म्हणून तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात. आली का?"

तो कागद फाडला. हा दुसरा.

जावयांना घेऊन ये. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. बहुधा गप्पच बसेन. तरी या, आणि लवकर या.

तुझे, आणि त्यांना चालणार असेल तर त्यांचेही,
अप्पा