ज्वारीच्या कोठीतली गोळी

५ जाने., सोम.
परभणीच्या डॉ. मॅडमचा फोन. फिट येणाऱ्या पेशंटसाठी मोफत शिबिर. "तुला फिट येते तरी जिल्ह्याकडून कबड्डी खेळतेस, तुझं तू सांग. माझं कुणी ऐकत नाही." हो म्हणून बसले! फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. आमच्या झरी गावात सगळ्यांना वाटतं मला चक्कर येते. गोळ्या आई ज्वारीच्या कोठीत लपवते.

७ जाने., बुध.
आई पेटलीच. "सुमीची सोयरीक जुळायलीय. मोठीला फिट येते म्हणल्यावर धाकटीला कोण करून घेईल? मिरवायची लय हौस!" सुमी मान वर न करता भांडी घासत राहिली. तेच जास्त लागलं.

१० जाने., शनि.
न्हाई म्हणायला मॅडमना फोन लावला, कापला. परत लावला, कापला. कबड्डीत रेडला गेल्यावर सात जणी अंगावर येतात तेव्हा असं भेव वाटत न्हाई. माइकसमोरच फिट आली तर? तोंडाला फेस, लोक मोबाईल काढून... नको.

११ जाने., रवि.
शिबिरात बोलले. पहिल्याच वाक्याला दम संपला. मग जिंतूरची मॅच सांगितली. मैदानात पडले, आमच्याच पोरींनी नाकाला चप्पल लावली, दातांत चमचा घातला. दात तुटला तो चमच्यानं, फिटनं न्हाई. ओठ वर करून दाखवला. "कुशीवर वळवा आन् चप्पल पायातच राहू द्या." लोक हसले. मलाच रडू आलं.
खाली उतरले तर पदरानं तोंड झाकलेली एक बाई. "पोरीला गोळ्या लपवून कशा द्याव्या?" कोठी आठवली. मॅडमकडं बोट दाखवून सटकले.

१८ जाने., रवि.
चारठाण्याचे पाहुणे सुमीला बघायला आले. शिबिराचं त्यांच्या कानावर गेलंय का, कळेना. ऐन चहाला माझ्या गोळीची वेळ. आई डोळ्यांनी दटावायली. पण ती पदरवाली बाई काही डोळ्यासमोरून हलेना. कोठीतून पाकीट काढलं, बैठकीतच गोळी गिळली.
मुलाची आई, "कसली गोळी, बाई?"
मी पाकीट मुठीत दाबलं. सुमी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीच बोलली, "ताईला फिट येते. गोळी घेतली की खेळते."
आन् ट्रे पुढं धरला. पाहुण्यांनी चहा घेतला, "कळवतो" म्हणून गेले.
आई चुलीपाशी तोंड फिरवून बसलीय. सुमीनं अजून साडी बदलली न्हाई. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणते, "वाजला तर तूच उचल, ताई. मला भेव वाटायलंय."
मला काय कमी वाटायलंय?