ताईची भट्टी

१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हसतोस, म्हणून पत्र. मोटार विकल्यापासून मागची शेड रिकामी होती. तिथे मी लोहारकामाची भट्टी मांडते आहे. जन्मभर शाळेत ज्वालामुखी फळ्यावर काढले, आता एक घरचा हवा. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केली, खालून नळी, नळीला हाताने फिरवायचा पंखा. ओंडका जमिनीत पुरून तयार आहे, पण त्यावर ऐरण नाही. बाबांची ऐरण तुझ्या गच्चीत कुंड्या सांभाळते म्हणे! बाबांनी हातोडा तुला दिला आणि मला झाडू, हे मी विसरलेले नाही. मुकाट्याने ऐरण पाठव.

तुझी खोडी काढल्याशिवाय चैन न पडणारी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हिला म्हटलं, ताईला डॉक्टरकडे न्यायला हवं. ही म्हणाली, ताई ठीक आहेत, तुम्हीच जाऊन या. ताई, तू स्वेटर वीण, शेजाऱ्यांची भांडणं सोडव. त्या धगीतून सुटून मी ऑफिसात पंख्याखाली बसलो. बाबा गेल्यापासून हातोड्याला शिवलो नाही, शिवणारही नाही. ऐरण मिळणार नाही. आणि नळी कसली लावलीस, तेवढं कळव.

तुझ्या धाकात वाढलेला,
धाकटा

२७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

भट्टी पेटली! ऐरणीवाचून अडलं नाही, रुळाचा तुकडा मिळाला. पहिला आकडा ठोकला, तो गांडुळासारखा झालाय. नळी चांगली चकचकीत आहे, पाण्याच्या नळाची, जस्ताचा मुलामा दिलेली. त्या रात्री मात्र हुडहुडी भरून ताप आला, तोंडात गोडसर चव. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधली. बरं वाटलं की पुन्हा पेटवीन. तू काळजी करू नकोस, तुला ती नीट जमतही नाही.

तुझी ज्वालामुखी,
ताई

१९ डिसेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात जस्त हा शब्द आला आणि हे जेवता जेवता उठले. जस्त तापलं की त्याचा धूर विषारी असतो, असं मामंजी त्यांना बजावायचे म्हणे. माझ्या कुंड्या जेवणाच्या टेबलावर आल्या, ऐरण टेम्पोत चढली आणि हेही चढले. नळी उखडून दोन दिवसांत येतो म्हणाले होते. आता तीन आठवडे होत आले. तुम्ही ठणठणीत आहात हे कळलं, पण माझा नवरा जप्त करायचं काही ठरलं नव्हतं.

खरं तर याच भांडणासाठी लिहायला बसले होते. पण काल त्यांचा फोन आला. लोखंड कुठल्या रंगाला ठोकायचं, ते मला समजावत होते. मग मामंजी सांडशी कशी धरायचे, कशावर चिडायचे, घाव चांगला बसला की कसे नुसतेच मान हलवायचे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मामंजींचा विषय निघाला की हे खोलीतून उठून जायचे. काल थांबेचनात. माझी भाजी करपली, पण मी फोन ठेवला नाही.

त्यांना इतक्यात परत धाडू नका. सोबत त्यांचे जुने शर्ट पाठवते आहे. इस्त्रीचे जाळून घेऊ नयेत, एवढं बघा.

तुमच्यावर रुसलेली, तरी तुमचीच,
वहिनी