कोरड्या झोळीचा धडा

अठरा किलो चारशे दहा ग्रॅम वजनाचा एक मासा मला खरोखर केवढ्याला पडला, ते आधी मांडतो : साडेतीन तास, उजव्या अंगठ्याचं नख, डाव्या पायातली चप्पल आणि एक मेहुणा. नख परत आलं. चप्पल आली नाही. मेहुण्याबद्दल कलम सहामध्ये लिहिलं आहे.

आता कायद्याप्रमाणे. मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा तराजू दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, नशापाणी न करता आणि बायको बाजारात गेलेली असताना लिहीत आहे; तेव्हा कोणाच्या दबावाखाली नाही, हे वेगळं सांगायला नको. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात-सात वजा करत चला. मी विचारलं, "कोरडे सात की ओले?" त्यामुळे दाखला मिळायला जरा उशीर झाला, पण मिळाला.

कलम १. दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित म्हणाल तर मला फक्त हे मोठे कान मिळाले. लहानपणी आमच्या घरात तराजू नव्हता, कारण तोलावं असं काही नव्हतं. तर दुकान व खोल्या माझ्या पश्चात माझ्या बायकोच्या निरंकुश मालकीच्या, आणि तिच्यानंतर मुलीच्या. मागच्या खोलीचं दार जरा उचलून ओढावं लागतं. ते मी चाळीस वर्षं उद्या दुरुस्त करणार होतो.

कलम २. पितळी वजनांची मखमली पेटी, चिमटा, कानशी आणि भिंतीवरचा मोठा काटा मुलीला. वजनं हाताने उचलू नयेत. घामालाही वजन असतं. मुलगी हल्ली विजेवरचे काटे दुरुस्त करते. म्हणते, "बाबा, आता काटा हलत नाही, आकडा येतो." येऊ दे. आकडाही खोटं बोलतो, फक्त बोलताना थरथरत नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते बायकोचं. पासबुक कुठे आहे ते तिला माहीत आहे. मला नाही.

कलम ४. गळकऱ्यांच्या संघाचा मी एकतीस वर्षं वजन-सचिव होतो. म्हणजे नदीत, तळ्यात गळाने धरलेला मोठा मासा आधी माझ्या दुकानात यायचा, मी तो तोलायचो, आणि जातीतला सर्वांत जड ठरला तर संघाच्या फळ्यावर त्याचं वजन आणि धरणाऱ्याचं नाव चढायचं. हे काम सोपं वाटेल. ज्यांच्या गळाला मासा लागत नाही ते मलाच गळ घालायला यायचे : पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे करा, एवढं तुमचं वजन आहे संघात. मी केलं नाही. तीन वेळा तर माशाच्या पोटात शिसं भरून आणलेलं मी नुसत्या कानाने ओळखलं. पत्र्याच्या पारड्यात मासा पडला की 'थप्' होतं. शिसं असेल तर त्या 'थप्'च्या मागे एक बारीक 'टक्' असतो. माझ्या कानाला फसवून एकही मासा त्या फळ्यावर चढलेला नाही. हे पद मी कोणाला देऊ शकत नाही. कान तर मुळीच नाहीत.

कलम ५. माझ्या आमिषाची कृती बंद पाकिटात, पितळी वजनांच्या पेटीखाली आहे. ती मुलीला. एकोणीस वर्षांच्या प्रयोगांनंतर ही कृती सिद्ध झाली आहे. त्यात नऊ जिन्नस असून सातवा कोणाला सांगू नये. गवत्या हा नावाप्रमाणे गवत खाणारा, पण अतिशय चोखंदळ मासा आहे. विक्रमी वजनाचा गवत्या ह्या आमिषाखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, हे मी शपथेवर लिहितो.

संघाच्या अध्यक्षांना मी सर्व गोष्टींची क्षमा करतो. माझी घडीची खुर्ची मात्र त्यांच्याकडून परत आणावी.

कलम ६. आता मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. चष्म्यांचं दुकान. त्याचे डोळे, माझे कान. दर रविवारी आम्ही दोघं मिळून एक धडधाकट माणूस होऊन नदीवर जायचो.

पारड्यात मासे आपटून मरतात म्हणून बायकोने एकदा जाड कापडाची झोळी शिवली. झोळीत मासा घालायचा, झोळी आकड्याला टांगायची, तोलायचं आणि मासा जिवंत पाण्यात सोडायचा. भांड्याचं वजन आधी काढून ठेवण्याला आमच्या धंद्यात धडा करणं म्हणतात. झोळीचाही धडा करावा लागे. बायकोने हौसेने झोळीच्या काठावर लाल दोऱ्याने '६४०' असं भरलं होतं. नवी, कोरडी झोळी सहाशे चाळीस ग्रॅम. भिजलेली नऊशे तीस. म्हणून मी नियमच केला होता : काठावरचा आकडा शोभेचा, मासा सोडल्यावर ओली झोळी पुन्हा तोलायची आणि तेच वजन वजा करायचं.

तेव्हा गवत्याचा विक्रम आमच्या शेजारच्या पोस्टमनच्या नावावर होता, अठरा किलो दीडशे. तो मासा झोळीच्या आधीच्या काळातला. मग बावीस वर्षांपूर्वी मेहुण्याने अठरा किलो दोनशे चाळीस ग्रॅमचा गवत्या आणला. झोळीतून तोललेला हा पहिला विक्रम. ओली झोळी मी स्वतः वजा केली. सगळे मासा सोडा म्हणत होते, पण तो हट्टाने घरी घेऊन गेला.

महिन्याभराने माझा मासा लागला. स्वतःचा मासा स्वतः तोलायचा नाही, म्हणून अध्यक्ष तोलायला उभे. काटा एकोणीस किलो पन्नासवर. अध्यक्षांनी झोळीचा काठ वर केला, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "झोळी सहाशे चाळीस. राहिले अठरा चारशे दहा. वा!"

ते वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. कान शाबूत होते. तोंडच गेलं होतं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, झोळी पुन्हा तोला."

मी म्हणालो, "समितीच्या निर्णयावर शंका घेता?"

"समितीवर नाही. तुमच्यावर."

तो पाठ फिरवून गेला तो गेलाच. त्याने लेखी तक्रार केली नाही, ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं. आमच्या घराची पायरी मात्र पुन्हा चढला नाही. तेव्हापासून माझी बायको आपल्या सख्ख्या भावाला बसथांब्यावर भेटते. मला ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त मी आंघोळीला गेलो की दारातून विचारते, "अहो, टॉवेल कोरडा देऊ की ओला?" बावीस वर्षं, रोज.

तर खरं वजन असं : एकोणीस किलो पन्नास वजा ओली झोळी नऊशे तीस, माझा मासा अठरा किलो एकशे वीस ग्रॅमचा होता. विक्रम मेहुण्याचा आहे. तो मी त्याला परत देत आहे. संघाने माझं नाव फळ्यावरून पुसावं, आणि मेहुण्याने माझ्या पश्चात तरी बहिणीच्या घरी येऊन बसावं. हयातीत का सांगितलं नाही असं कोणी विचारील. हयातीत मला रोज संध्याकाळी त्या फळ्याखालच्या बाकावर बसायचं होतं.

वकीलसाहेब म्हणतात, विक्रम ही मिळकत नव्हे, ती मृत्युपत्राने देता येत नाही. पण मग ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार होऊ शकतो ना? होऊ शकतो म्हणाले. म्हणून साक्षीदार क्रमांक एक मेहुणा. बायकोला निरोप द्यायला सांगितला, कशासाठी ते सांगितलं नाही. साक्षीदार क्रमांक दोन, शेजारचा पोस्टमन. तो कधीच कशाची चौकशी करत नाही.

कलम ७. झोळी बायकोला.

पुरवणी. हे सह्यांच्या आधी, त्याच बैठकीत, वकीलसाहेबांच्या सल्ल्याविरुद्ध लिहीत आहे.

पोस्टमन आधीच येऊन बसला होता. मग मेहुणा आला. दारातच म्हणाला, "मरणाच्या कागदावर सही करायला आलोय. चहा घेणार नाही." साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितलं. त्याने तिन्ही पानं वाचली. कलम सहा दोनदा. मग चष्मा काढून पुसत बसला.

"भाऊजी, हे तुम्ही बावीस वर्षं पोटात ठेवलंत?"

"ठेवलं."

"माझ्या माशाने तासभर ठेवलं होतं."

"काय?"

"शिसं. दोनशे ग्रॅम. तुमचे कान कापडातून काय ऐकणार? झोळी आली तेव्हाच सुचलं मला."

मग बाजारातून परतलेली बायको स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. "म्हणजे बावीस वर्षं मी बसथांब्यावर उभी राहिले, ती एका लबाडासाठी की दोन?"

"अगं, थांब्याला बाक आहे की," मेहुणा म्हणाला.

"दादा, बाक परवा-परवा टाकलाय!"

मी विचारलं, "तुमचा स्वतःचा मासा खोटा, आणि वर मला म्हणालात झोळी पुन्हा तोला?"

"राग आला होता. इतकी मेहनत करून खोटं करावं, आणि दुसऱ्याने नुसतं गप्प बसून पुढे जावं?"

ह्यावर मला हसू आलं. मग त्यालाही. बायकोला आलं नाही. ती आत गेली, चार कप चहा घेऊन आली आणि एक त्याच्यापुढे आपटून म्हणाली, "घे. आणि पुढच्या रविवारी वहिनीला घेऊन ये. नाही आलास तर ह्या कागदाच्या झेरॉक्स काढून थांब्यावर चिकटवीन." तो मुकाट्याने प्यायला. बायकोने माझ्याकडे बघितलं. आज टॉवेलचं काही विचारलं नाही.

मग आम्ही दोघांनी पेन्सिल घेतली. माझा मासा अठरा किलो एकशे वीस. त्याचा, शिसं वजा जाता, अठरा किलो चाळीस. म्हणजे तरीही माझाच जड, हे मी मोठ्याने म्हणालो, आणि म्हणता म्हणता दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं. आम्ही पोस्टमनकडे वळलो. तो पेनाचं टोपण काढून बसला होता.

"सही कुठे करू?" त्याने विचारलं.

कलम सहामधला विक्रम परत देण्याचा मजकूर रद्द समजावा. त्याऐवजी : फळा माझ्या मरणाची वाट न बघता उद्या सकाळी दुरुस्त करावा. मी आणि मेहुणा दोघं जाऊन करू. संध्याकाळी बाकावर पोस्टमनला मधे बसवावं.

ठिकाण : दुकानामागची खोली. दिनांक : चौदा मार्च, मंगळवार.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : तराजूवाला, स्वहस्ते.

साक्षीदार क्र. १ : चष्मेवाला, मेहुणा. चहा घेतला.

साक्षीदार क्र. २ : पोस्टमन, निवृत्त.

विक्रम-नोंद, संघाच्या जुन्या वहीवरून जशीच्या तशी उतरवली : मासा, गवत्या. वजन, अठरा किलो एकशे पन्नास ग्रॅम, पत्र्याच्या पारड्यात. लागलेला वेळ, जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं. आमिष, डब्यात उरलेला पावाचा तुकडा.