फोटोसाठी सावधान

२ नोव्हेंबर, रविवार
आज ठरलं. घरातल्या सगळ्यांचा, म्हणजे आई, बायको, दोन पोरं आणि दोन कुत्री धरून, एक नीट फोटो काढायचा. फ्रेम करून बैठकीत लावायचा. पुण्याच्या दादाच्या कुटुंबाचा तिथं आहेच. पांढरे शर्ट, मागं समुद्र. आई रोज सकाळी तो पदरानं पुसते. पंधरा वर्षं आम्ही तिच्याजवळ राहतोय, आणि भिंतीवर आमचं काय, तर माझं कवायतीचं प्रमाणपत्र. ते ती पुसत नाही. लागतं मनाला.
तयारीला तीन आठवडे भरपूर झाले. शाळेत पी.टी.च्या तासाला तीनशे पोरं एका शिट्टीत सावधान करतो. इथं तर मोजून सहा जीव.

५ नोव्हेंबर, बुधवार
टाइमटेबल केलं. सहा ते साडेसहा कुत्री, साडेसहा ते सात पोरं. फ्रिजवर चिकटवलं.
भंडारी कुत्री म्हातारी आहे, अंगणातून हलत नाही, तिला शिकवायचं काही नाही. तिचा पोरगा कॅप्टन मात्र हुशार. कॅप्टन हे नाव मी ठेवलं. बाकीचं घर त्याला चिंग्या म्हणतं आणि तो त्यालाच ओळखतो. आजपासून घरात चिंग्या शब्द बंद, असं जाहीर केलं. आई म्हणाली, बरं. आणि लगेच म्हणाली, चिंग्या, सरक की रं तिकडं.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रगती समाधानकारक. शिट्टी वाजली की अक्षरा (सातवी) खोलीत जाऊन दार लावून घेते. श्रेयस (पहिली) शिट्टी मागतो. कॅप्टन शिट्टीबरोबर मान वर करून सूर लावतो. समोरच्या बानूबाई येऊन विचारून गेल्या, गुरुजी, कुत्रं का रडालंय, समदे बरे हायेत न्हवं?
श्रेयसचे पुढचे दोन दात पडलेत. म्हणून तोंड मिटून हसायचा सराव दिला. आता रडल्यासारखा दिसतो. सुधारेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
मोबाईलवर शास्त्रीय पद्धत सापडली. भुकेलं कुत्रं लक्ष देतं. पोट रिकामं ठेवायचं, कॅमेऱ्याच्या वर बिस्किट धरायचं, नजर सरळ. आज करून बघितलं. कॅप्टन अकरा सेकंद बसला. मी स्वतः मोजले. बाराव्या सेकंदाला श्रेयसनं बिस्किट खाल्लं, पण तो शिस्तीचा प्रश्न झाला, पद्धतीचा नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नळदुर्गच्या चन्नबसप्पा फोटोग्राफरला फोन केला. लग्नसराईमुळं त्याच्याकडं एकच दिवस मोकळा. २६ तारीख, सकाळी अकरा. लगेच हो म्हणालो. वनमाला म्हणाली, अहो, त्या दिवशी चंपाषष्ठी हाय. मी म्हणालो, उत्तमच की, आपलं अणदूर खंडोबाचं गाव, सगळे आंघोळ करून नव्या कपड्यांत घरीच असतील, मीही रजा टाकतो. ती म्हणाली, आन् नैवेद्याचं? मी म्हणालो, फोटो म्हणजे पाच मिनिटांचं काम. पुढंही ती काहीतरी बोलत होती. मी कोण कुठं उभं राहणार त्याचा नकाशा काढत होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
रंगीत तालीम. अक्षराला तो ड्रेस नको. आईला खुर्चीत मधे बसवलं तर दोन मिनिटांत उठली. खंडोबाचे घट बसल्यात, दिवा बघू दे, म्हणाली. श्रेयसच्या पांढऱ्या शर्टावर कॅप्टनचे चारही पाय उमटले. भंडारी झोपली. मी चिडून शिट्टी फेकली. ती कॅप्टननं चावून टाकली.
या घरात कुणाला कशाचं गांभीर्य नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ
सगळं तयार. कॅप्टनला दुपारपासून काही दिलेलं नाही. साखळीला बांधलाय, रडतोय. म्हणजे पद्धत लागू पडतेय.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ९.३०
सगळ्या आळीत भरिताचा वास. चातुर्मासात सोडलेलं वांगं चार महिन्यांनी. वनमालानं बाजरीचे रोडगे केले, तळी भरली, येळकोट झाला. मग आई नैवेद्याचं ताट घेऊन अंगणात आली आणि मला आठवलं. कुत्रं खंडोबाचं, म्हणून आज आधी त्यानं खायचं, मग माणसांनी. जन्मापासून मीही असाच थांबत आलोय. गेल्या बुधवारी वनमाला हेच सांगत असणार.
म्हटलं, आई, कॅप्टनला फोटोनंतर. आई म्हणाली, मग आमी बी फोटोनंतर. भंडारीला ताट दाखवलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दीड तासाचा तर प्रश्न आहे.

सकाळी ११.४५
चन्नबसप्पाचा पत्ता नाही. अक्षरा उपाशी आहे म्हणून बोलत नाही. श्रेयस उपाशी आहे म्हणून सारखा बोलतोय. आईची बीपीची गोळी जेवणानंतरची असते, हे वनमालानं तीनदा ऐकवलं. तुम्हीही उपाशीच असाल, असं मात्र एकालाही म्हणावंसं वाटलं नाही.

दुपारी २.३०
चन्नबसप्पा सव्वाबाराला आला. रांग लावली. कॅप्टनची साखळी सोडली, बिस्किट वर धरलं. तेवढ्यात समोरून बानूबाईंनी हाक मारली, ये रं चिंग्या, ये बाळा, रोडगा खा. गेला. मी त्याच्या मागं.
आजच्या दिवशी अणदुरात कुत्र्याला कोण हाकलतंय? दारोदार बाया ताटं घेऊन उभ्या. मी इस्त्रीच्या कपड्यात, हातात एक बिस्किट, कॅप्टन, कॅप्टन करत देवळापर्यंत गेलो. वाटेत दारात उभ्या असलेल्या सीताबाईंनी विचारलं, गुरुजी, तुमी जेवलात का? सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. डोळ्यांत पाणीच आलं.
कॅप्टन सापडला नाही. घरी आलो तर सगळे जेवत होते आणि कॅप्टन अंगणात पोट वर करून पडलेला. वनमाला म्हणाली, फोटो झाला. म्हटलं, माझ्याशिवाय? ती म्हणाली, चिंग्या मागच्या दारानं आला, आईंनी ताट ठिवलं, त्यानं खाल्लं आन् बसला. मग समदेच बसले. फोटोवाल्याला लग्नाला जायचं होतं. तुमचा फोन इथंच वाजत होता.
ही तालीम समजायची. पुढच्या महिन्यात परत बोलावतो.

३० नोव्हेंबर, रविवार
चन्नबसप्पा फ्रेम घेऊन आला. अर्धा तास बघितली, चूक सापडेना. अक्षरा हसतेय, मनापासून. श्रेयसचं बोळकं दिसतंय आणि तेच गोड दिसतंय. भंडारीसुद्धा जागी. कॅप्टन सरळ कॅमेऱ्याकडं बघतोय, बिस्किटाशिवाय.
चन्नबसप्पा म्हणाला, गुरुजी, तुमचा पासपोर्ट फोटो द्या, मागं उभं करतो, कळणार बी न्हाय. मी पाकिटातून काढलासुद्धा. आई म्हणाली, नगं, हाय असाच ऱ्हाऊ दे. म्हटलं, का? ती म्हणाली, तू आलास की समदी ताठ हुत्यात रं.
रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाली. वनमालानं खाली बघितलं.
पासपोर्ट फोटो परत पाकिटात ठेवला. भिंतीत खिळा मीच ठोकला.